टायर थांबण्यासाठी

आमच्या बीडला बर्फाची गाठ पडते ती उसाच्या रसाच्या पेल्यात. तेव्हा बर्फावर कोणते टायर चांगले, याची चर्चा येथल्या मराठीच्या प्राध्यापकाने करावी, हे वाचकांना गमतीचे वाटेल. पण माझी पुतणी कॅनडात ओटावा शहरी राहते. तेथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो, आणि सकाळी लेकराला शाळेत सोडायला तिला मोटार काढावीच लागते. नदीपलीकडच्या क्वेबेक प्रांतातल्या मोटारींना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तिच्या ऑन्टारियोत तशी सक्ती नाही. यंदा तिने चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घेतली. तेव्हा हिवाळी टायरांचा खर्च वाचवावा, असा तिचा बेत आहे.

तो ऐकून मला आमच्या उसाच्या गाड्या आठवल्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांतल्या एखाद्या बैलगाडीवाल्याला विचारा. भरलेली गाडी चढावर बैलांचा दम काढते खरी, पण घात करते ती उतारावर. लाकडी चाके जाऊन रबरी टायर आले, गाडी हलकी चालू लागली. तितकीच ती आवरणे अवघड झाले. ओढणे ही एक विद्या, थांबवणे ही दुसरी!

मोटारीचेही तसेच. चारही चाकांना जोर असला तर गाडी बर्फातून निघेल; पण ब्रेक दाबल्यावर ती थांबते ती रबराच्या पकडीने. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. सुमारे ७ अंशांखाली उन्हाळी रबर कडक होऊ लागते आणि पकड सुटते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या खोल खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फ बर्फाला धरतो. त्यावरच्या बारीक चिरा गोठलेल्या रस्त्यावरचा पाण्याचा पातळ थर मोडतात. शून्याच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा निसरडा असतो, तो या थरामुळेच. फिनलंडमधील एका कारखान्याने असा टायर प्रथम १९३४ साली मालमोटारींसाठी काढला.

मग निवड कशी करावी? टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण, असे चिन्ह पाहावे. बर्फावरच्या पकडीची परीक्षा उतरलेल्या टायरलाच ते मिळते. नुसती ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे तेवढी हमी देत नाहीत. टायर चारही बसवावेत. पुढे दोनच बसवले तर वळणावर गाडीची मागची बाजू घसरून फिरते. कडेच्या चार आकड्यांत टायर कोणत्या आठवड्यात व साली तयार झाला ते कळते; जुना माल घेऊ नये. वसंतात ते उतरवून ठेवावेत, कारण मऊ रबर तापल्या रस्त्यावर लवकर झिजते.

खर्चाचे म्हणाल, तर दोन जोड पाळीपाळीने वापरल्याने दोन्ही अधिक टिकतात. मात्र उत्तम टायरही बर्फाचा कोरडा रस्ता करीत नाही. वेग कमी हवा, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट-तिप्पट हवे. गाडी घेताना ती किती जोरात धावते हे सगळेच विचारतात. लेकरू मागच्या आसनावर बसणार असेल, तर ती किती अंतरात थांबते, हे आधी विचारावे.