इंग्रजी कच्चं की आत्मविश्वास कमी?

माझ्या पहिल्या पायलट मुलाखतीत मी एक चूक केली. ती तुम्ही करू नका, म्हणून हे लिहितेय.

विषय होता नेतृत्वपदावरील महिलांचा इंग्रजी बोलतानाचा आत्मविश्वास. एका विभागप्रमुख मॅडमची मुलाखत मी चक्क इंग्रजीतच घेतली. उत्तरं एकेका वाक्यात संपली. रेकॉर्डर बंद केला, चहा आला आणि मॅडम मराठीत भरभरून बोलल्या: "मुद्दा सुचतो गं, पण वाक्य जुळवेपर्यंत मीटिंग पुढे गेलेली असते. आणि ज्युनिअर्ससमोर चुकलं तर?" खरी माहिती ती होती, पण रेकॉर्डर बंद असताना सांगितलेलं परवानगीशिवाय वापरता येत नाही!

मग चुकलं काय? ज्या भाषेची भीती तपासायची, तीच भाषा मी मोजपट्टी म्हणून वापरली.

इथे एक फरक समजून घ्या. भाषिक क्षमता म्हणजे प्रत्यक्षात किती येतं. आत्मविश्वास म्हणजे आपल्याला जमेल असं किती वाटतं. मॅकिंटायर, नोएल्स आणि क्लेमाँ यांनी १९९७ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या ३७ इंग्रजीभाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जास्त धास्तावलेल्यांनी स्वतःला प्रत्यक्षापेक्षा कमी लेखलं, तर निर्धास्त असलेल्यांनी जास्त. म्हणजे "तुमचं इंग्रजी कसं आहे?" एवढंच विचारलं, तर उत्तरात क्षमतेबरोबर भीतीही मिसळलेली असते.

म्हणून तीन गोष्टी सांभाळा.

१) तयार मापनश्रेणी जशीच्या तशी उचलू नका. हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांची १९८६ ची ३३ विधानांची प्रसिद्ध श्रेणी वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मीटिंग चालवणाऱ्या बाईसाठी विधानं बदलावी लागतील आणि वैधता, विश्वसनीयता पुन्हा तपासावी लागेल.

२) प्रश्नावली सहभागी व्यक्तीच्या भाषेत द्या. भाषांतर दुसऱ्या कुणाकडून परत मूळ भाषेत करून घ्या आणि अर्थ बदललाय का ते पाहा.

३) फक्त महिलांशी बोलून "महिलांमध्ये आत्मविश्वास कमी" असा निष्कर्ष काढू नका. तुलना करायची तर त्याच पदावरचे पुरुषही नमुन्यात हवेत.

नाहीतर काय होतं? "इंग्रजी कच्चं आहे" असा शिक्का आपल्याच प्रबंधातून बसतो, आणि तो त्या बाईच्या बढतीच्या आड येऊ शकतो.

मी मॅडमकडे पुन्हा गेले. नव्याने संमती घेतली आणि मराठीतच विचारलं. या वेळी रेकॉर्डर चालू होता.