एलीला सारे ठाऊक होते

बायबलमधल्या याजकांपैकी एलीबद्दल निवाडा देणे सर्वांत अवघड आहे. सोन्याचे वासरू घडवून देणाऱ्या अहरोनाची चूक ढळढळीत दिसते. एलीने असे काही केले नाही. इस्राएलात राजे येण्यापूर्वी, साधारण इसवी सनपूर्व ११व्या शतकात, यरुशलेमच्या उत्तरेला डोंगराळ मुलखात शिलो हे मोठे तीर्थस्थान होते. कराराच्या दगडी पाट्या ज्यात ठेवल्या होत्या तो कोश तिथेच असे. एली तिथला मुख्य याजक होता आणि ४० वर्षे लोकांचा न्यायनिवाडाही तोच करत होता. देवाचे घर आणि न्यायासन अशी दोन्ही त्याच्या हाती होती. तरी त्याच्या घराण्याचा असा नाश झाला की शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवातीची चार प्रकरणे त्याच कथेभोवती फिरतात. हा माणूस दुष्ट नव्हता आणि गाफीलही नव्हता. समज दिली की आपले कर्तव्य पार पडले, असे त्याने धरले आणि इथेच तो चुकला, असे मला वाटते.

गुन्हा त्याच्या मुलांचा, हफनी आणि फिनहास यांचा. तो समजायला बळीच्या मांसाची वाटणी ठाऊक हवी. लेवीय नियमानुसार शांत्यर्पणाच्या पशूची चरबी आधी वेदीवर जाळायची, कारण तो देवाचा वाटा. ऊर आणि उजवी मांडी याजकाची. उरलेले मांस अर्पण करणाऱ्या कुटुंबाने शिजवून आपल्या माणसांसह खायचे. शिलोत मात्र मांस हंड्यात रटरटत असताना याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, तो आत खुपसायचा आणि वर येईल ते घेऊन जायचा. पुढे एवढ्यावरही भागेना. चरबी जाळण्याआधीच तो भाजण्यासाठी कच्चे मांस मागू लागला. आधी देवाचा वाटा जळू दे, मग हवे ते ने, अशी विनवणी भाविकाने केली तर आत्ताच दे, नाहीतर हिसकावून घेतो, असा दम मिळे. या प्रसंगात धर्माचा नियम आठवतो तो गावाकडून आलेल्या साध्या माणसाला, आणि मोडतो तो याजकाचा माणूस. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी या भावांचे वर्तन कसे होते, तेही ग्रंथात आले आहे. मृत समुद्राकाठी सापडलेल्या एका प्राचीन प्रतीत ते वाक्य नाही, पण मांसाची हकीकत तिथेही आहे.

आता एलीकडे पाहू. मूल व्हावे म्हणून ओठ हलवत मूकपणे प्रार्थना करणारी हन्ना त्याला आधी नशेत असल्यासारखी वाटली. तिने खरे सांगताच त्याने वाद न घालता तिला आशीर्वाद दिला. पुढे शिलोतच एलीजवळ वाढणारा तिचा मुलगा शमुवेल रात्री कोणाच्या तरी हाकेने पुन्हा पुन्हा उठून धावत आला, तेव्हा हाक देवाची आहे हे दृष्टी मंदावलेल्या एलीनेच ओळखले. म्हणजे त्याची धर्मबुद्धी शाबूत होती. मुलांचे प्रताप लोकांनी त्याच्या कानावर घातले होते आणि त्याने त्यांना खडसावलेही. पण त्या खडसावण्यापुढे काहीच घडले नाही. त्यांचे याजकपण गेले नाही, चाकराच्या हातातला काटाही सुटला नाही. देवाचा एक माणूस येऊन त्याच्यावर आरोप करतो की त्याने देवापेक्षा मुलांना मोठे मानले. अर्पणांतल्या उत्तम भागांवर पोसल्याचा ठपका तो मुलांबरोबर बापावरही ठेवतो.

म्हाताऱ्या बापाने तरण्याताठ्या मुलांना आवरायचे तरी कसे, असे कोणी विचारील. बापाला ते जमले नसते, हे मला पटते. पण त्यांना सेवेतून दूर करणे हे मुख्य याजकाचे काम होते, आणि तो अधिकार एलीकडेच होता. त्याने तो वापरला नाही, कारण पदावर बसलेली माणसे त्याची स्वतःची होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुढे शलमोन राजाने एलीच्या वंशातल्या अब्याथाराला याजकपदावरून काढून अनाथोथला धाडले आणि सादोकाला वर आणले. तेव्हा ही कथा जिंकलेल्या घराण्याच्या सोयीची आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. सोय असेलही. पण केवळ बदनामीच करायची असती तर एलीची कोवळी, भली बाजू कोणी जपून ठेवली नसती. शिवाय त्याच पुस्तकाच्या आठव्या प्रकरणात खुद्द शमुवेलाची मुले बैरशेब्यात लाच घेऊन न्याय विकताना दिसतात आणि वैतागलेले वडीलजन राजा मागतात. ज्याला मोठे करायचे त्यालाही ग्रंथ सोडत नाही. उरते एलीची शरणागती. देवाने त्या रात्री सुनावलेली शिक्षा शमुवेलाच्या तोंडून ऐकल्यावर तो परमेश्वराच्या इच्छेपुढे मान तुकवतो आणि वाचकाचे मन द्रवते, माझेही द्रवते. मात्र या दुसऱ्या इशाऱ्यानंतरही मुले आपल्या जागी राहिली. मान तुकवणे खरे असेल, पण भाविकाच्या हंड्यावरचा जुलूम त्याने थांबला नाही.

म्हणून अफेकजवळ पलिष्ट्यांनी पहिल्या लढाईत चार हजार माणसे मारली आणि लोकांनी कोश रणांगणावर आणवला, तेव्हा कोशासोबत तेच दोघे होते. दुसऱ्या लढाईत तीस हजार पडल्याचे ग्रंथ सांगतो. दोघे भाऊ मेले आणि कोश शत्रूच्या हाती गेला. ९८ वर्षांचा एली वाटेकडे कान लावून आसनावर बसला होता. मुलांच्या मृत्यूची बातमी त्याने ऐकून घेतली. कोश गेल्याचे ऐकताच तो मागे कोसळला आणि मान मोडून मेला. मन त्याचे अखेरपर्यंत देवाच्या कोशात होते, हे इथे स्पष्ट होते. म्हणूनच त्याची निष्क्रियता अधिक सलते.

शिलोचे पुढे काय झाले ते या पुस्तकात नाही. आजच्या वेस्ट बँकेतल्या खिर्बेत सेलून इथे १९८०च्या दशकात इस्राएल फिंकेलस्टाईन यांनी उत्खनन केले, तेव्हा इसवी सनपूर्व ११व्या शतकात आगीत नष्ट झालेल्या इमारती आणि साठवणीचे मोठे रांजण सापडले. काही शतकांनी यिर्मया हा संदेष्टा यरुशलेमच्या मंदिरात उभा राहिला. तो अनाथोथच्याच याजकांपैकी होता. इथे अन्याय करून मंदिराच्या आडोशाला सुरक्षित राहू असे समजू नका, शिलोची गत पाहून या, असे त्याने बजावले. त्याला धरून मृत्युदंड मागण्यात याजकच पुढे होते.