बर्फगाडीचा वेग

गणेशगुडीस बर्फ पडत नाही. येथे आभाळातून येतो तो पाऊस, आणि तोही असा की चार महिने छत्री हातची सुटत नाही. अशा गावच्या शाळेच्या वार्षिक अंकात बर्फावर धावणाऱ्या गाडीची माहिती कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, ही गाडी ज्या अडचणीतून जन्मास आली ती अडचण जोयडा तालुक्यातील आडवळणाच्या वाड्यांना अपरिचित नाही. रस्ता बंद झाला म्हणजे दवाखाना दूर जातो, ही ती अडचण होय.

कॅनडा देशातील क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचे गाव आहे. तेथे १९०७ साली जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा जन्म झाला. त्यांना लहानपणापासूनच यंत्रांचा नाद होता. पंधराव्या वर्षी, १९२२ सालच्या अखेरीस, त्यांनी जुन्या फोर्ड मोटारीचे एंजिन घसरगाडीवर बसवून व मागे विमानासारखा लाकडी पंखा लावून ती बर्फावरून चालविली. पंख्यापासून कोणास इजा होईल या भीतीने वडिलांनी ती मोडावयास लावली. पुढे त्यांनी गावात मोटारदुरुस्तीचा कारखाना काढला. परंतु बर्फावरील गाडीचा विचार सोडला नाही. १९३४ सालच्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटातील दाहाने आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गाडले गेले होते. मुलास वेळेवर रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. त्यानंतर बोंबार्दिए यांनी या कामास स्वतःला वाहून घेतले. १९३७ साली त्यांच्या दातेरी चाकाच्या व पट्ट्याच्या योजनेस पेटंट मिळाले आणि सात माणसे बसतील अशी बंद गाडी बाजारात आली. डॉक्टर, टपाल व शाळेची मुले यांची ने-आण अशा गाड्यांतून होऊ लागली. १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ हटविण्याचा कायदा केला, तेव्हा मोठ्या गाड्यांची मागणी घटली. पुढे हलकी एंजिने व अखंड रबरी पट्टा हाती आल्यावर, एकदोन माणसांसाठी ‘स्की-डू’ नावाची छोटी गाडी त्यांनी १९५९ साली काढली. आज जिला आपण बर्फगाडी अथवा स्नो-स्कूटर म्हणतो, तिचे हे प्रारंभीचे रूप होय.

आता ही गाडी बर्फात रुतत का नाही ते पाहू. भातशेतीच्या चिखलणीत ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी रुंद चाके लावतात, हे आपण पाहिले असेल. भार तोच राहतो, पण तो अधिक जागेवर विभागला जातो. बर्फगाडीत हेच तत्त्व पुढे नेले आहे. तिला पुढे दोन पट्ट्या असतात. त्यांना स्की म्हणतात. त्या वळविल्या की गाडी वळते. मागे चाकांऐवजी रुंद रबरी पट्टा फिरतो. समजा, गाडी व स्वार मिळून वजन ३२५ किलो आहे, आणि पट्टा व दोन्ही स्की मिळून ७,००० चौरस सेंटीमीटर जागेवर टेकतात. तर दर चौरस सेंटीमीटरवर भार पडतो केवळ ४६ ग्रॅमचा. उलट ६० किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला आणि तळपायांची टेकलेली जागा ४०० चौरस सेंटीमीटर धरली, तर हाच भार १५० ग्रॅम होतो. जेथे माणसाचा पाय रुततो तेथून ही जड गाडी सुखाने जाते, ती यामुळे.

वेगाची गोष्ट निघाली की मुले प्रथम एंजिनाची शक्ती विचारतात. १९५९ च्या स्की-डूचे एंजिन ७ अश्वशक्तीचे होते व ती ताशी सुमारे ४० किलोमीटर धावे. आजच्या मोठ्या बर्फगाड्यांची शक्ती दीडशे अश्वशक्तीहून अधिक असून त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणजे शक्ती वीसपट वाढली, पण वेग चौपटीच्या आसपासच राहिला. असे का व्हावे? वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध चौपट होतो, आणि तो अवरोध दुप्पट वेगाने सारावयाचा म्हणजे शक्ती आठपट लागते. शिवाय बर्फाचे घर्षण व पट्टा फिरविण्याचा खर्च असतोच. यास्तव केवळ एंजिन मोठे करून वेग मिळविणे हा महागडा सौदा आहे.

या गाड्यांत बहुधा दोन-स्ट्रोक एंजिन वापरतात. मैसूर येथे १९६१ पासून जावा आणि पुढे येझ्दी या मोटारसायकली तयार होत, त्यांचे एंजिनही याच जातीचे होते. चार-स्ट्रोक एंजिनात दंडाच्या दोन फेऱ्यांत एकदा जोर मिळतो, दोन-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत मिळतो. म्हणून हलक्या एंजिनातून पुष्कळ शक्ती निघते. मात्र तेल जळते व धूर अधिक होतो. त्यामुळे काही बर्फगाड्यांत आता चार-स्ट्रोक एंजिनही बसवितात.

एंजिनाची शक्ती पट्ट्याकडे जाते ती दोन कप्प्यांवरून फिरणाऱ्या रबरी वादीने. एंजिनाकडील कप्पीत लहान वजने असतात. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात, कप्पीच्या दोन बाजू जवळ येतात आणि वादी वर चढते; त्यायोगे गिअर न बदलताच वेग वाढतो. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्याने १९८४ साली जी गिअरविरहित स्कूटर काढली, तिच्यात हीच युक्ती होती.

परंतु ही शक्ती शेवटी बर्फापर्यंत पोचावयास हवी, आणि ते काम मागील झोल्याचे, म्हणजे सस्पेन्शनचे आहे. रबरी पट्ट्याच्या आत दोन समांतर रूळ असतात. त्यांना खालून प्लास्टिकची घसरपट्टी लावलेली असते. पट्टा या रुळांवरून घसरतो व उडालेला बर्फ त्यांना गार ठेवतो. रूळ दोन भुजांनी गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असून त्यांवर स्प्रिंगा व धक्काशोषक बसविलेले असतात. स्प्रिंग फार मऊ असली तर मागची बाजू खाली बसते व खड्ड्यात आपटते. ती फार ताठ असली तर पट्टा उसळ्या खातो. जेवढा वेळ तो हवेत, तेवढा वेळ एंजिन नुसते गरजते, गाडी पुढे जात नाही. एकदम वेग दिला की भार मागे सरकतो. पट्ट्याची पकड त्याने वाढते खरी, पण पुढच्या स्की हलक्या होऊन गाडी वळेनाशी होते. हा भार किती सरकू द्यावयाचा ते पुढील भुजेस बांधलेल्या एका लहानशा पट्टीने ठरते. ती आखूड केली तर स्की बर्फावर दाबून राहतात; सैल केली तर पकड वाढते. पट्टा अतिशय ताणला तर तो फिरविण्यातच शक्ती खर्ची पडते, आणि फार ढिला ठेवला तर दातेरी चाकावरून निसटतो. दोन गाड्यांचे एंजिन सारखे असूनही एक पुढे जाते व दुसरी मागे राहते, त्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

आपल्या देशात या गाड्या काश्मीरमधील गुलमर्ग येथे पर्यटकांसाठी चालतात. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. तेथील हवा विरळ. समुद्रकाठच्या हवेच्या मानाने सुमारे पाऊणच दाट. एंजिनास प्राणवायू कमी मिळाला की त्याची शक्तीही त्याच मानाने घटते. सियाचीन हिमनदीवर तर पाच हजार मीटरहून उंच ठाणी आहेत. तेथे हवेचा दाटपणा तीन-पंचमांशावर येतो. १९८४ पासून तेथे पहारा देणारे आपले सैन्य सामान व आजारी जवान यांची वाहतूक करण्यास स्नो-स्कूटरही वापरते. तेथे ताशी दीडशे किलोमीटरचा कोणास उपयोग? एंजिन थंडीत एका झटक्यात सुरू व्हावे, पट्टा तुटू नये, झोला इतका मऊ असावा की मागे निजलेल्या आजाऱ्यास धक्का बसू नये, हीच तेथील अपेक्षा.

विद्यार्थी मित्रहो, यंत्राचा सर्वांत मोठा वेग किती, हा प्रश्न मनोरंजक आहे खरा. परंतु ते यंत्र कोणासाठी व कशासाठी केले, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. व्हालकूरच्या त्या कारागिरास शर्यत जिंकावयाची नव्हती. बंद रस्त्याच्या पलीकडे पोचावयाचे होते. आपल्याकडील लाल चिखलाच्या वाटांवर पावसाळ्यात जीप अडते आणि रुग्णास माणसांच्या खांद्यावरून न्यावे लागते, तेव्हा तोच प्रश्न आपल्यापुढे उभा असतो. त्याचे उत्तर बर्फगाडी नव्हे, हे उघड आहे. पण भार, पकड व शक्ती यांचे गणित येथेही तेच आहे, आणि ते मांडावयास आपल्यापैकीच कोणी तरी पुढे आले पाहिजे.