सांडपाण्याच्या प्रकल्पाला पैसा कोण देतो आणि तो फेडतो कोण?

शहरातले सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभारायचे किंवा वाढवायचे, तर कोट्यवधी रुपये लागतात. ‘ते सरकार बघेल’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात हा पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो: अनुदान, कर्ज आणि नागरिकांनी भरलेली रक्कम. अनुदान परत करायचे नसते. कर्ज मात्र व्याजासह फेडावे लागते आणि ते आपण भरलेल्या करातून व शुल्कातूनच फिटते.

आलंदूरचे उदाहरण

चेन्नईला लागून असलेले आलंदूर हे पूर्वी स्वतंत्र नगरपालिकेचे गाव होते. २०११ मध्ये ते चेन्नई महापालिकेत आले. २००१ च्या जनगणनेनुसार तिथली वस्ती सुमारे दीड लाख होती. भुयारी गटारे नव्हती. घरोघरी शौचालयाच्या टाक्या होत्या आणि त्या भरल्या की उपसाव्या लागत.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेने भुयारी गटार योजना हाती घेतली. खर्च सुमारे ३४ कोटी रुपये होता. त्यातले साधारण १६ कोटी कर्जाने, १० कोटी अनुदानाने आणि ८ कोटी रहिवाशांकडून उभे राहिले. प्रत्येक घराने जोडणीसाठी आगाऊ ५,००० रुपये भरायचे आणि पुढे दरमहा १५० रुपये शुल्क द्यायचे, असे ठरले. शुद्धीकरण केंद्र खासगी कंपनीने आपल्या पैशाने बांधले. शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या प्रमाणात तिला मोबदला द्यायचा होता.

या ५,००० रुपयांना ‘ठेव’ म्हटले जाई. पण ती बँकेतल्यासारखी ठेव नव्हती आणि गुंतवणूकही नव्हती. ते घराच्या जोडणीचे आगाऊ पैसे होते. तेव्हा कुणी ‘ठेव भरा’ म्हटले, तर आधी विचारावे: ही रक्कम परत मिळणार का, कधी मिळणार आणि व्याज आहे का?

हप्ता फिटतो कसा?

हिशोब सोपा आहे. समजा, एका गावातली २०,००० घरे दरमहा १५० रुपये देतात. वर्षाला ३ कोटी ६० लाख रुपये जमतात. त्यातून वीज, पंप, कामगार यांचा खर्च भागवून कर्जाचा हप्ता द्यायचा. पण पैसे १२,००० घरांनीच भरले, तर जमा २ कोटी १६ लाखांवर येते. खर्च आणि हप्ता मात्र तेवढेच राहतात. मग एक तर शुल्क वाढते, नाही तर दुरुस्ती रखडते किंवा दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवावे लागतात. म्हणून प्रकल्पाचा खरा आधार म्हणजे नियमित वसुली.

शुद्ध केलेले पाणी विकूनही उत्पन्न मिळते. चेन्नईत कोडुंगैयूर आणि कोयंबेडू इथल्या केंद्रांत सांडपाणी अधिक शुद्ध करून कारखान्यांना दिले जाते. प्रत्येकाची क्षमता दिवसाला ४.५ कोटी लिटर आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले होते, हे लक्षात घेतले की या पाण्याची किंमत कळते.

आपली बचत इथे कशी येते?

काही महापालिका कर्ज घेण्यासाठी रोखे, म्हणजे बॉण्ड, काढतात. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले. गाझियाबादने २०२१ मध्ये सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देण्याच्या प्रकल्पासाठी १५० कोटी उभारले. असे बरेचसे रोखे मोठ्या संस्थाच घेतात. इंदूरने मात्र २०२३ मध्ये सौरऊर्जा प्रकल्पासाठीचे रोखे सामान्य गुंतवणूकदारांनाही खुले केले होते. किमान गुंतवणूक १०,००० रुपये आणि व्याजदर ८.२५ टक्के होता.

रोखा घेतला, म्हणजे आपण महापालिकेला कर्ज दिले. म्हणून पैसे गुंतवण्यापूर्वी इतके पाहावे:

• परतफेड कोणत्या उत्पन्नातून होणार? मालमत्ता करासारखे ठरावीक उत्पन्न आधी वेगळ्या खात्यात जमा करून त्यातून रोखेधारकांचे पैसे देण्याची सोय आहे का?

• पतमानांकन काय आहे? ते चांगले असले तरी ती हमी नव्हे.

• मुदत किती? रोखे शेअर बाजारात नोंदलेले असले, तरी मध्येच विकायला गेल्यावर ग्राहक मिळेलच असे नाही. मिळाला तरी भाव कमी येऊ शकतो.

• राज्य सरकारची हमी आहे का? ती गृहीत धरू नये. माहितीपत्रकात लिहिलेली असेल तरच आहे असे समजावे.

• विम्याचे संरक्षण नाही. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज मिळून, ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो. रोख्यांना तो लागू नाही.

व्याज एक-दीड टक्का जास्त दिसते म्हणून अडीअडचणीसाठी राखलेली रक्कम रोख्यांत घालू नये. मुदत संपेपर्यंत ज्या पैशाची गरज पडणार नाही, त्यातलाच थोडा भाग वळवावा.

आणि रोखे घेतले नाहीत, तरी आपण या व्यवहारात आहोतच. पुढच्या वेळी मालमत्ता कराचे बिल हातात आले की त्यात मलनिःसारणाचा आकार किती आहे ते बघा. शहराच्या कर्जाचा हप्ता तुमच्या घरातून किती जातो, याचा अंदाज तिथेच येईल.