यंत्राची पाळी बदलताना

युनिक्स घराण्यातील संगणकावर एकाच वेळी अनेक माणसे काम करू शकतात. तेव्हा त्याची अवस्था बदलणे हा सर्वांचा प्रश्न होय. १९८३ च्या 'सिस्टिम फाइव्ह'मध्ये या अवस्थांना अंक होते. लिनक्सनेही ते घेतले. ० म्हणजे यंत्र बंद, १ म्हणजे दुरुस्तीसाठी एकटा चालक, ६ म्हणजे बंद करून पुन्हा चालू. रेड हॅट पद्धतीत ३ वर सर्वांना काम, ५ वर चित्रमय पडदाही.

'रूट' म्हणजे सर्वाधिकारी चालक. त्याने 'इनिट ३' असे टंकले की अवस्था पालटते. २०१० साली आलेल्या 'सिस्टिमडी'त अंकांच्या जागी नावे आली. तेथे 'सिस्टिमसीटीएल आयसोलेट' हा हुकूम, नव्या अवस्थेत ज्यांना जागा नाही ती कामे तत्काळ थांबवतो. प्रसंगी हुकूम देणाऱ्याचा पडदाही जातो. उलट 'शटडाउन +१०' सर्वांना सूचना देऊन दहा मिनिटांची मुदत देतो.

नोटिशीविना लागलेले टाळे काय असते, हे आम्ही कामगार चळवळीतली माणसे जाणतो. अधिकार रूटचा खरा. पण अर्धवट राहिलेले काम दुसऱ्याचे असते. आधी 'हू' टंकून कामावर कोण आहे ते पाहावे, मुदत द्यावी, मगच पाळी बदलावी.