महिनाभरात कादंबरी: तयारीची चौकट

- उपक्रम: ३० दिवसांत ५०,००० शब्दांचा कच्चा खर्डा. सुरुवात सॅन फ्रान्सिस्को, जुलै १९९९; लेखक २१. पुढच्या वर्षापासून महिना नोव्हेंबर. आयोजक संस्था बंद झाल्याची घोषणा २०२५ मध्ये.
- हिशेब: रोज १,६६७ शब्द. आठवड्याला दोन सुट्ट्या धरल्यास २२ दिवस, रोज सुमारे २,२७३. हाताने लिहिताना पानाला २०० शब्द धरले, तर १,६६७ शब्दांसाठी रोज आठ-नऊ पाने.
- आधी: पात्रांची यादी, ठिकाण, काळ, प्रसंगांचा क्रम. महिन्यात: फक्त लेखन. नंतर: काटछाट, शुद्धलेखन, पुनर्लेखन.
- ओढाताणीच्या वर्षात: रोजची ठरलेली वेळ, आजारपण व पाहुण्यांसाठी मोकळे दिवस आधीच राखलेले.
- महिना निवडताना गावची कामे पाहावीत, उदा. सारंगखेडा (ता. शहादा): नोव्हेंबरात कापूसवेचणी आणि रब्बीची पेरणी. एकमुखी दत्ताची यात्रा व घोडेबाजार दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेस, बहुधा डिसेंबरात.
- थोड्या दिवसांतल्या लेखनाचा खानदेशातला दाखला: अमळनेरच्या शाळेतले शिक्षक साने गुरुजी. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली: ९ ते १३ फेब्रुवारी १९३३, पाच दिवसांत.