पाना बरोबर, तर हात शाबूत

वारणानगर, कोडोली, बहिरेवाडी या परिसरात पहाटेपासून रस्त्यावर मोटारसायकली दिसू लागतात. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, कधी मागे वैरणीचा भारा, कधी उसाच्या फडाकडे निघालेला माणूस. दिवस वर आला की त्याच गाडीवर घरातला मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जाते. साखर कारखाना आणि दूध संघ यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या भागात मोटारसायकल ही चैन नाही. ती घर चालवणाऱ्या अवजारांपैकी एक आहे.

साहजिकच तिची किरकोळ दुरुस्ती अंगणातच होते. चेन ताणणे, ऑइल बदलणे, प्लग साफ करणे, क्लचची वायर बसवणे ही कामे अनेक जण स्वतः करतात. त्यात पैसे वाचतात आणि आपली गाडी आपल्याला कळते. सवय चांगलीच आहे. अडचण असते ती डिकीतल्या हत्यारांची. एक गंजलेली पक्कड, दात झिजलेला स्क्रू पाना आणि टोक गोल झालेला स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर सगळे भागवले जाते. गाडीचे त्यात थोडेफार नुकसान होते, ते भरून निघते. हाताचे नुकसान मात्र नेहमीच भरून निघत नाही. धार काढणारा, कोयता धरणारा हात अधू झाला तर घराचे उत्पन्नच थांबते.

देखभाल हा आरोग्याचाच विषय

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. अपघाताची कारणे अनेक असली तरी झिजलेला टायर, सैल चेन आणि न लागणारा ब्रेक ही आपल्या हातातली कारणे आहेत.

चाळीस लिटर दूध म्हणजे सुमारे ४१ किलो वजन. असे दोन कॅन लावले की चालकाखेरीज मागे आणखी एक मोठा माणूस बसल्यासारखे होते, वर कॅनचे वजन वेगळे. अशा गाडीच्या मागच्या चाकात एकट्या माणसासाठीची हवा ठेवली तर टायर दबतो, तापतो आणि वळणावर गाडी अंग टाकते. ओझ्यानुसार किती हवा हवी हे गाडीवरच्या स्टिकरवर आणि पुस्तिकेत छापलेले असते. टायर दाबून पाहून हवेचा अंदाज येत नाही. त्यासाठी खिशात मावणारा गेज पुरतो. हवा टायर गार असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी मोजावी.

पाना का निसटतो?

नटाला सहा कोपरे असतात. फिक्स पाना त्याला दोनच बाजूंनी धरतो, तर रिंग पाना किंवा गोटी पाना चारही बाजूंनी वेढतो. त्यामुळे जोर सगळ्या कोपऱ्यांवर वाटला जातो. स्क्रू पान्याचा जबडा जोर लावताना किंचित उघडतो आणि पक्कड तर नटासाठी नसतेच. बारा मिलिमीटरच्या नटाला तेरा नंबरचा पाना लावला की आधी कोपरे गोल होतात आणि मग पाना अचानक सुटतो. त्या क्षणी अंगाचा सगळा जोर मुठीत असतो आणि मूठ समोरच्या इंजिनच्या धारदार पात्यांवर आदळते.

बोटांच्या सांध्यांवरची त्वचा पातळ असते. तिच्या लगेच खाली बोट सरळ करणाऱ्या शिरा, म्हणजे कंडरा, आणि सांध्याचे आवरण असते. वरून लहान दिसणारी चीर कंडरेपर्यंत किंवा सांध्यापर्यंत गेलेली असू शकते. जखमेनंतर बोट पूर्ण वाकत नसेल, सरळ होत नसेल किंवा टोक बधिर वाटत असेल, तर नुसती पट्टी बांधून चालणार नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

स्क्रू ड्रायव्हरचेही असेच आहे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि जपानी बनावटीच्या गाड्या गावोगाव पोचल्या. अशा अनेक गाड्यांतले अधिक चिन्हाचे स्क्रू जपानी मापाचे असतात. बाजारातला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की खाचेतून वर उसळतो. सुटा भाग डाव्या हातात धरून उजव्या हाताने स्क्रू काढणाऱ्याच्या डाव्या तळव्यात तो घुसतो. म्हणून भाग हातात धरू नये. तो फळीवर किंवा शिकंजात पकडावा.

तिसरी चूक म्हणजे पान्याला पाइप लावणे. समजा एखादा बोल्ट २५ न्यूटन-मीटरने आवळायचा आहे. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर त्यासाठी सुमारे १७ किलोचा जोर लागतो. पाइप लावून लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराने पीळ दुप्पट होतो. आटे तरी जातात, नाहीतर बोल्ट तुटतो आणि माणूस तोंडावर पडतो. बोल्ट जाम असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे. पाना शक्यतो स्वतःकडे ओढावा. ढकलायचाच झाला तर उघड्या तळव्याने ढकलावा, म्हणजे निसटला तरी बोटे मिटलेली नसतात.

चालती चेन आणि पाव सेकंद

घरच्या दुरुस्तीतली सगळ्यात वाईट जखम चेनमध्ये होते. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला आणि हातात फडके. असे केले की चेन आपोआप फिरते आणि काम झटपट होते, असे वाटते.

आता हिशेब पाहू. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांत चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची असते. मागच्या दातेरी चक्राला ४२ दात धरले, तर चाकाच्या एका फेरीत अर्ध्या मीटरहून अधिक चेन सरकते. सेकंदाला एक फेरी म्हणजे पाहायला अगदी संथ. पण फडके अडकले हे मेंदूला कळून हात मागे घेण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात १३ सेंटिमीटर चेन चक्रात गेलेली असते. माणसाचे बोट त्याहून लहान आहे. बोट अडकले म्हणून इंजिन थांबत नाही.

यावर उपाय सोपा आहे. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. चाक हाताने आणि हळू फिरवावे, तेही उलटे. उलटे फिरवल्यावर खालची चेन मागच्या चक्रातून बाहेर येते, आत जात नाही. फडक्याऐवजी लांब दांड्याचा ब्रश वापरावा. ज्या गाड्यांना डबल स्टँड नाही त्यांच्यासाठी पॅडॉक स्टँड मिळतो. विटा रचून गाडी उचलू नये. अंगठी, कडे, गळ्यातला टॉवेल, लोंबणारी ओढणी काढून ठेवावी. फिरत्या भागाजवळ कापडी हातमोजेही नकोत, कारण ते बोटासकट ओढले जातात.

आणि मुले दूर ठेवावीत. चाक फिरताना पाहून लहान मूल चेनला बोट लावतेच. वडील पलीकडच्या बाजूला बसून चाक फिरवत असतात, त्यांना ते दिसत नाही.

तेल, पेट्रोल आणि धूर

लँकशायरच्या कापड गिरण्यांत सूत कातणाऱ्या कामगारांच्या कपड्यांत यंत्रांचे खनिज तेल वर्षानुवर्षे मुरत असे. त्यांच्यात अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग वाढल्याचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या लक्षात आले. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था शुद्धीकरण न केलेल्या किंवा अर्धवट केलेल्या खनिज तेलांना निश्चित कर्करोगकारक मानते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जळणातून तयार झालेली घातक द्रव्येही असतात. वर्षातून दोनदा ऑइल बदलणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पण रोज हेच काम करणाऱ्या गॅरेजमधल्या पोराने नायट्राइलचे हातमोजे घालायलाच हवेत. तेलकट फडके खिशात ठेवू नये. काळे ऑइल जखमेवर लावणे किंवा गटारात ओतणे, दोन्ही चुकीचे. ते डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

पेट्रोलने हात धुण्याची सवय सर्रास आहे. पेट्रोल त्वचेतला नैसर्गिक तेलकटपणा काढून घेते, मग भेगा, खाज आणि इसब. शिवाय त्यात बेंझिन असते. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा एक टक्का आहे, तरी ते रक्ताच्या कर्करोगाशी संबंध असलेले रसायन आहे. हाताला आधी खोबरेल किंवा गोडेतेल चोळावे आणि मग साबण लावावा, काळेपणा निघतो. चेन धुण्यासाठीही पेट्रोल नको, कारण त्याची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते. चेन क्लीनर वापरावा.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे सर्वांत धोक्याचे. पेट्रोल इतके पातळ असते की एखादा घोटसुद्धा ठसक्यासरशी फुप्फुसात उतरतो आणि तिथे रासायनिक न्यूमोनिया होतो. असे झाल्यास उलटी करवू नये. उलटीत ते दुसऱ्यांदा फुप्फुसात जाऊ शकते. दूध, मीठ-पाणी काही न देता रुग्णालय गाठावे. या कामासाठी प्लास्टिकचा छोटा हातपंप मिळतो. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पेट्रोल, रॉकेल कधीही भरून ठेवू नये.

पावसाळ्यात गाडी सोप्यात किंवा गोठ्यात घेऊन चालू ठेवली जाते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला वास नसतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे सुरू झाले की आधी उघड्यावर यावे.

बॅटरी

बॅटरी काढताना आधी उणे टोकाची वायर सोडवावी, बसवताना ती शेवटी जोडावी. अधिक टोक आधी सोडवायला गेले आणि पाना गाडीच्या सांगाड्याला टेकला की थेट शॉर्ट होतो. ठिणगी उडते आणि हातात अंगठी असेल तर ती तापून बोट भाजते. पाणी घालायच्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते. डोळ्यात थेंब गेला तर १५ ते २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात सोडा, दूध काही घालू नये. साधा संरक्षक चष्मा हे टाळतो.

पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरताच किक मारण्याची घाई होते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. आधी प्लग काढावा. ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीवरचा गाळ. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून पुराच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि हातापायांच्या चिरांतून शरीरात शिरतात. गाळ रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच धुवावा. पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर पुराच्या पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

घरी काय, मेस्त्रीकडे काय?

हवा, चेन, ऑइल, प्लग, बॅटरीची टोके, बल्ब आणि वायरची ढिलाई ही घरची कामे. एक रिंग-फिक्स पान्यांचा संच, गोटी पाने, प्लग पाना, योग्य मापाचे ड्रायव्हर, हवेचा गेज, ब्रश, चष्मा आणि हातमोजे एवढे पुरते. जमल्यास टॉर्क पाना घ्यावा. संच मोठा नसला तरी चालेल, मापाचा आणि चांगल्या पोलादाचा हवा.

डिस्क ब्रेकचे ऑइल, एबीएस, पुढचे शॉकअप, चाकाचे बेअरिंग आणि बीएस-६ गाड्यांतील फ्युएल इंजेक्शन ही कामे मेस्त्रीकडे द्यावीत. इंजेक्शनच्या नळीत दाबाखाली पेट्रोल असते, ती सैल केली की फवारा उडतो. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी. चेन ताणल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत, ॲक्सलचा नट आवळलेला आहे आणि मागचा ब्रेक लागतो आहे, हे पाहूनच गाडी रस्त्यावर काढावी.

जखम झालीच तर

• रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. बोटाला सुतळी किंवा दोरी आवळू नये.

• बोट तुटले तर तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्याने हलका धुवून ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा आणि कोरड्या प्लास्टिक पिशवीत बंद करावा. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये, पेशी गोठून मरतात.

• १०८ ला फोन करावा. वारणानगरहून कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय तीस-एक किलोमीटरवर आहे. बोट जोडण्याची सोय कुठे आहे हे निघतानाच विचारून घ्यावे. बोटात स्नायू नसल्याने ते थंड ठेवल्यास काही तास तग धरते, पण प्रत्येक तास मोलाचा असतो.

• सायलेन्सरला भाजले तर २० मिनिटे वाहते पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई नको.

• जखम मातीची किंवा गंजाची असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर ती पुन्हा घ्यावी.

• डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळू नये आणि गॅरेजमध्ये कोणाकडून काढून घेऊ नये. तो नेत्रतज्ज्ञांनीच काढावा.

खंडेनवमीला घराघरांत हत्यारांची पूजा होते. त्याच दिवशी डबा उपसून झिजलेले पाने आणि गोल टोकाचे ड्रायव्हर वेगळे काढावेत आणि त्यांच्या जागी मापाचे आणावेत. गाडीचा तुटलेला भाग दुकानात मिळतो. बोटाचे तसे नसते.